माझी मान ऐंशी अंशांवर होती

मित्रांनो, मी एक जुना पृथ्वीगोल आहे, आणि गेल्या हिवाळ्यात आदिलाबादच्या विज्ञान प्रदर्शनात माझा जिल्ह्यात पहिला नंबर आला.

तसं काही झालेलं नाही. वरचं वाक्य तुम्ही वाचलं नाही असं समजा. मीही ते बोललो नाही असं समजतो. शाळेच्या दप्तरातही तसंच धरलं आहे, त्यामुळे कुणाला काही त्रास नाही. आता सुरुवातीपासून सांगतो.

माझा जन्म एका कारखान्यात दोन तुकड्यांत झाला. वरचा अर्धा सोमवारी, खालचा अर्धा बुधवारी. विषुववृत्तावर डिंक लावून आम्हा दोघांना चिकटवलं. म्हणजे मला दोन वाढदिवस आहेत आणि एकही साजरा होत नाही. मग मला पत्र्याच्या एका कमानीत अडकवलं. ती कमान साडेतेवीस अंश कललेली होती. पृथ्वी अशीच असते, असं मला सांगण्यात आलं. मी विचारलं नव्हतं.

खोक्यात घालून मला गुडीहत्नूरच्या पुढे, हायवेपासून आत, कापसाच्या शेतांमधल्या एका मराठी शाळेत पाठवलं. माझ्यावरची नावं तेलुगूत होती. शाळा मराठी. त्या वर्षीचे भूगोलाचे सर उर्दू शाळेतून बदलून आलेले. ते माझ्यावर बोट ठेवून विचारायचे, "ये क्या है?" मुलं म्हणायची, "माहीत नाही सर." सर म्हणायचे, "मुझे भी नहीं." भूगोलाचा एवढा प्रामाणिक तास मी नंतर कधी पाहिला नाही. आफ्रिका तेवढी सगळ्यांना आकारावरून ओळखू यायची.

तरी ते दिवस चांगले होते. मुलं मला गरगर फिरवायची. एका मुलाने बोथट पेन्सिलीने माझ्यावर आपलं गाव दाखवलं. तो ठिपका बेल्लमपल्लीपासून नांदेडपर्यंत होता. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मलाही अभिमान वाटला, कारण एवढं मोठं गाव माझ्यावर दुसरं नव्हतं.

पुढे मला कपाटात ठेवलं. मुआयन्याच्या, म्हणजे तपासणीच्या, दिवशी बाहेर काढायचे, पुसायचे, साहेब गेले की परत आत. एकदा मुलांचा व्हॉलीबॉल फुटला, तेव्हा मला कमानीतून काढून, चेंडू करून एक डाव खेळले आणि परत अडकवलं. पंधरा-बारा. मी कोणाकडून होतो हे मला शेवटपर्यंत कळलं नाही. मग कपाटाचं दार मोडलं आणि मी भांडारखोलीत गेलो, दुपारच्या जेवणाच्या तांदळाबरोबर. तिथे एका सोमवारी वरच्या थरातलं पन्नास किलोचं पोतं माझ्यावर पडलं.

शाळेचे अटेंडर महिपतकाका धावत आले. ती थप्पी त्यांनीच रचली होती. त्यांनी पोतं उचललं. माझी कमान पार लवंडली होती, उत्तर ध्रुव दाराकडे, दक्षिण ध्रुव भिंतीकडे. महिपतकाका म्हणाले, "अरे बाप्पा." मग इकडे तिकडे पाहिलं आणि मला पोत्यांच्या मागे सरकवून दिलं.

मी तिथे अकरा वर्षं होतो. अटलांटिक महासागर उंदरांनी खाल्ला. हिंदी महासागर ओलीने गेला. मुआयना झाला की रजिस्टरात लिहायचे: पृथ्वीगोल, एक, सुस्थितीत.

भांडारखोलीला एक खिडकी आहे, ती नववीच्या वर्गात उघडते. त्या खिडकीतून मी सगळे विषय ऐकले. महिपतकाकाही ऐकायचे, तांदूळ मोजता मोजता. बावीस वर्षांत त्यांना त्यातली एकच गोष्ट पक्की पाठ झाली होती. ती कोणती हे पुढे येईलच. दुर्दैवाने.

गेल्या वर्षी त्या वर्गात हर्षदीप सर विज्ञान शिकवायला होते. वयाने तरुण, शर्टाची बाही कायम खडूने पांढरी. एक दिवस ते धडा सोडून भलतंच बोलू लागले. दूरदूरच्या ताऱ्यांभोवती आपल्या गुरूसारखे राक्षसी ग्रह फिरतात. त्यातले काही सरळ फिरत नाहीत. तारा एकीकडे गिरकी घेतो आणि ग्रह भलतीकडूनच, कधी डोक्यावरून पायाखाली, असा फेऱ्या मारतो.

दुसऱ्या बाकावरून अर्पिता उभी राहिली. ही मुलगी प्रत्येक गोष्टीला "काऊन", म्हणजे का, असं विचारायची. हजेरीलाही एकदा विचारलं होतं.

"सर, तो तारा तं नुसता ठिपका दिसते. ग्रह तं दिसतच नाही. मंग कोन वाकडा अन् कोन सरळ, हे समजलं कसं?"

सर खूश झाले. "हायवेवर ट्रक येताना हॉर्न बारीक वाटते, पुढं गेला का जाड. होय का नाही? उजेडाचं तसंच. तारा फिरते तेव्हा त्याची एक कड आपल्याकडं येते, ती इवलीशी निळी. दुसरी कड दूर जाते, ती इवलीशी लाल. आता ग्रह समोरून चालला. आधी त्यानं निळी कड झाकली. उरलेला उजेड कसा?"

"लाल."

"मग लाल कड झाकली?"

"निळा."

"आधी लाल, मग निळा. म्हणजे तारा ज्या दिशेनं फिरते त्याच दिशेनं ग्रह सरळ चालला. पण समजा, ग्रह या टोकापासून त्या टोकापर्यंत गेला, अन् पूर्ण वेळ उजेड लालच राहिला. तं?"

अर्पिताने आपली मूठ आडवी धरून फिरवून पाहिली. "तं त्यानं फक्त निळंच झाकलं. म्हणजे ताऱ्याची मान पडलेली हाये सर. तारा आडवा झोपून फिरून राह्यला."

सरांनी खडू खाली ठेवला. त्यांना बहुतेक पुढचं काही सांगायचं उरलं नव्हतं.

त्याच आठवड्यात प्रदर्शनाचं पत्रक आलं. जिल्ह्यात पहिल्या येणाऱ्याला हैदराबादकडच्या एका वेधशाळेत नेणार होते, मोठ्या दुर्बिणीतून एक रात्र आकाश पाहायला. अर्पिताने आतापर्यंत आकाश फक्त बोअरच्या पाइपाच्या तुकड्यातून पाहिलं होतं. त्यातून चंद्र नेमका तेवढाच दिसतो, फक्त गोल चौकटीत.

ती भांडारात आली, पोती सरकवली आणि मला पाहून ओरडली, "सर! इथं एक गोल हाये. त्याची मान आधीच पडलेली हाये!"

मित्रांनो, अकरा वर्षांत माझ्या मोडक्या मानेबद्दल आनंदाने बोललेलं हे पहिलं वाक्य. मला भरून आलं. म्हणजे आत हवाच होती, पण जरा जास्त.

शाळेच्या भिंतींचा पिवळा रंग उरला होता. अर्पिताने तो मला दिला. सात खंड, उंदरांनी सोडलेले महासागर, व्हॉलीबॉलचे डाग, सगळं त्याखाली गेलं. मला वाईट वाटलं नाही. पृथ्वी म्हणून माझी कारकीर्द तशीही विशेष नव्हती. मग तिने कमानीला तारेचा सांगाडा बांधला आणि त्यावर रंगीत पारदर्शक कागद ताणला, अर्ध्या बाजूला निळा, अर्ध्या बाजूला लाल. माझ्याभोवती जमिनीला समांतर तारेची एक मोठी कडी बसवली. तीवर ग्रह सरकायचा. ग्रह म्हणजे काळी रंगवलेली सुपारी. मी दहा इंचांचा, सुपारी इंचभराची. तारा आणि राक्षसी ग्रह यांचं प्रमाण साधारण असंच असतं. ती सुपारी निवडायला तिने किराणा दुकानात पाऊण तास घालवला. दुकानदाराला वाटलं घरी लग्न आहे.

शेवटी तिने कोनमापक लावला. माझी मान एकोणऐंशी अंशांवर होती. तिने दोन्ही हातांनी हळूच दाबून ऐंशी केली.

"बस्स," ती म्हणाली. "आता हालू नको."

मग समोर उभ्या केलेल्या पुठ्ठ्याच्या भोकातून पाहत सुपारी सरकवली. सुपारी माझ्या मध्याच्या जराशी खालून गेली आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत निळंच झाकत गेली. लाल उघडंच्या उघडं. अर्पिताने श्वास सोडला. तक्त्यावर तिने आलेख काढलाच होता: एकच उंचवटा, तोही पूर्ण लाल बाजूला. मॉडेल आणि तक्ता एकमेकांना ओळखत होते.

महिपतकाका दारातून हे सगळं रोज पाहायचे. मी पिवळा झालो तेव्हा त्यांना वाटलं, पोरीला निळा रंग मिळाला नसेल.

प्रदर्शनाच्या दिवशी सकाळी बस, मग ऑटो. अर्पिता आणि सर नाव नोंदवायला रांगेत गेले. रांग मोठी होती. माझ्याजवळ महिपतकाका थांबले. शेजारच्या टेबलावर सौर चूल घेऊन एक तेलुगू मुलगी बसली होती. तिने माझ्याकडे बोट करून विचारलं, "एंटी इदी?" हे काय?

"पृथ्वी," महिपतकाका म्हणाले. मग माझ्याकडे नीट पाहिलं आणि त्यांचा चेहरा पडला. "पोट्टी एवढी मेहनत करून राह्यली, अन् गोल हा असा लवंडलेला. सायेब लोक काय म्हनतीन?" मग स्वतःशीच, हळू आवाजात: "पाप तं माह्यंच हाये. पोतं मीच रचलं होतं."

अकरा वर्षं या माणसाच्या मनात ते पोतं पडलेलंच होतं. मला माहीत नव्हतं. मला वाटलं होतं, फक्त माझ्यावर पडलं.

त्यांनी ऑटोवाल्याकडून पक्कड आणली. सौर चुलीवालीच्या कंपासपेटीतून कोनमापक घेतला. आणि खिडकीतून बावीस वर्षं ऐकलेली ती एकमेव पाठ गोष्ट त्यांच्या तोंडून आली.

"साडेतेवीस अंश," महिपतकाका म्हणाले, आणि माझी मान वर केली.

मित्रांनो, गोल ओरडू शकत नाही. त्याला तोंड लागतं, आणि मला असतं तरी त्यावर पिवळा रंग बसलेला असता. काकांनी तीनदा मोजलं. डोळा मिटून एकदा पाहिलं. मग आपल्या गमछ्याने मला पुसलं. एवढ्या मायेने मला त्याआधी कुणी पुसलं नव्हतं, हे मी कबूल करतो. त्याचाच मला जास्त राग येतो.

तेवढ्यात परीक्षक आले. तिघे होते. मुख्य परीक्षक यशवंतराव, भूगोलाचे निवृत्त प्राध्यापक. त्यांनी वरच्या खिशातून स्वतःचा पितळी कोनमापक काढला. असे लोक असतात.

त्यांनी माझी मान मोजली आणि क्षणभर डोळे मिटले. "साडेतेवीस," ते म्हणाले. "सकाळपासून सतरा पृथ्व्या पाहिल्या. एकीचीही मान बरोबर नाही. कुठं तीस, कुठं पंधरा, एक तर ताठ उभी. ही पाहा! याला म्हणतात निष्ठा."

दुसरे परीक्षक तेलुगूत म्हणाले, "चाला बागुंदी." फार छान. तिसऱ्यांनी काहीच पाहिलं नाही, पण मान डोलावली. कागदावर एक हा आकडा लिहिला गेला आणि एका स्वयंसेवकाने माझ्या कमानीला लाल रिबन बांधली.

हे ते, जे झालेलं नाही.

अर्पिता आणि सर परत आले. सरांनी रिबन पाहिली आणि त्यांचं तोंड उघडं राहिलं. अर्पितानेही आधी रिबन पाहिली. मग माझी मान पाहिली.

"काका, हे कोनं केलं?"

"म्या," महिपतकाका म्हणाले. छाती वर आली होती. "बरोबर साडेतेवीस. तीनदा मोजलं."

अर्पिताने वाकून भोकातून पाहिलं आणि सुपारी सरकवली. सुपारीने आधी निळं झाकलं. मग लाल. मग ती सरळ, शहाण्या मुलासारखी बाहेर निघून गेली. शेजारी तक्त्यावर तो एकच उंचवटा तसाच उभा होता, कुणीच ओळख न दिलेल्या पाहुण्यासारखा.

यशवंतराव पुढच्या टेबलाकडे निघाले होते. अर्पिताने हाक मारली, "सर."

हर्षदीप सर तिच्या कानाशी वाकले. "अर्पिता, चूप बस ना माय. नंबर लागला. दुर्बीण हाये."

"पण सर, सुपारी लाल झाकून राह्यली."

"मी पाहिलं."

"तुमीच तं सांगितलं होतं. पूर्ण वेळ निळंच झाकलं पाह्यजे म्हणून."

हर्षदीप सरांनी आपल्या खडूच्या बाहीकडे पाहिलं. ते "जाऊ दे" म्हणाले असते तर ती कदाचित गप्प बसली असती. ते काहीच म्हणाले नाहीत. एवढं एक त्यांच्या बाजूने लिहून ठेवतो.

"सर," अर्पिता मोठ्याने म्हणाली, "ही पृथ्वी नाही. हा दूरचा तारा हाये. अन् ह्याचा कोन चुकला."

यशवंतराव परत आले. "मग बरोबर कोन किती?"

"ऐंशी."

"ऐंशी अंश?" ते हसले. वाईट हसले नाहीत, खरंच गंमत वाटली त्यांना. "बेटा, ऐंशी अंशांत कोणी फिरतं का? ते पडणं झालं."

"फिरते सर. मोजलंय लोकांनी. अशा ताऱ्यांजवळ मोठमोठे ग्रह वरून खाली चालतात. अन् आपला सूर्यसुद्धा सरळ नाही. सहा-सात अंश कललेलाच हाये."

"आपला सूर्य?" यशवंतरावांच्या आवाजात दुखावल्यासारखं काहीतरी होतं. जणू त्यांच्या घरातल्या माणसाबद्दल कुणी बोललं.

"थांबा सर, मी आत्ता वाकवून दाखवते."

तिने दोन्ही हातांनी माझी मान धरली. मित्रांनो, पत्रा एकदा वाकला तर वाकतो, परत सरळ केला तर होतो, पण तिसऱ्यांदा त्याला विचारायचं नसतं. महिपतकाकांना हे माहीत होतं. ते "पोरी, नको" म्हणेपर्यंत कट्ट आवाज झाला.

मी टेबलावरून पडलो, सुपारी घेऊन सौर चुलीखालून गेलो, तीन टेबलं ओलांडली आणि एका शिपायाच्या पायाशी थांबलो. लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्यांना वाटलं, हेच दाखवायचं होतं.

यशवंतरावांनी खोडरबर मागितलं. "मोडलेल्या मॉडेलला नंबर देता येत नाही," ते म्हणाले. "नियम आहे." त्यांना वाईट वाटलेलं दिसत होतं. खोडताना कागद फाटू नये म्हणून त्यांनी फार काळजी घेतली. रिबन सोडली आणि पलीकडच्या टेबलावरच्या एका मुलाच्या मातीच्या ज्वालामुखीला बांधली. तो ज्वालामुखी त्या दिवशी एकदाही फुटला नाही. पण मोडलाही नाही.

अर्पिताला प्रोत्साहनपर प्रमाणपत्र मिळालं. त्यावर विषय लिहिला होता: पृथ्वीचे परिवलन.

परतीच्या बसमध्ये मी महिपतकाकांच्या मांडीवर होतो. कमानीचे दोन तुकडे त्यांनी गमछ्यात बांधले होते. त्याची गाठ त्यांनी दोनदा सोडून पुन्हा मारली. मग काका म्हणाले, "पोरी, मी चुकलो का?"

अर्पिता खिडकीबाहेर पाहत होती. "नाही काका," ती म्हणाली. "पृथ्वी असती तं बरोबरच होतं."

काकांनी मान हलवली. मग ते रडले. मी त्यांच्या मांडीवर होतो, त्यामुळे थोडं माझ्यावरही पडलं. प्रशांत महासागराच्या आसपास पिवळा रंग जरा गेला आहे, तो त्यामुळे.

ज्वालामुखीवाला मुलगा वेधशाळेत गेला. त्या रात्री आभाळ आलं होतं आणि काहीच दिसलं नाही असं कळलं. मला बरं वाटलं. मित्रांनो, असं बरं वाटून घेणं चूक आहे, तुम्ही घेऊ नका. अर्पिताला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "अरेरे." तिला खरंच वाईट वाटलं. ती माझ्यासारखी नाही.

हर्षदीप सरांची बदली बेल्लमपल्लीला झाली. अर्पिता दहावीत आहे. या वर्षीच्या प्रदर्शनासाठी नाव द्या म्हणून पत्रक आलं, तेव्हा तिने हात वर केला नाही. सरांच्या जागी आलेल्या बाईंनी विचारलं, "काऊन गं?" पहिल्यांदा तो शब्द तिला कुणीतरी विचारला. तिने पत्रकाची घडी करून ते मागच्या बाकावर दिलं.

मी परत भांडारात आहे, कमानीविना, तांदळाच्या पोत्यांच्या पुढे. मागे नाही. महिपतकाका आता मला समोर ठेवतात आणि माझ्या वर काहीही रचत नाहीत. येता जाता मला पुसतात. मी चेंडूसारखा कुठेही वळतो, कोणत्याही अंशात. ज्याला मानच नाही, त्याचा कोन कसा मोजायचा?

तुमच्याकडे माझं मागणं एवढंच. एखादं वाकडं दिसलं की माया करून लगेच सरळ करू नका. आधी विचारा, बाबा रे, तू असा काऊन? कदाचित ते मोडलेलं असेल. कदाचित त्याच वाकडेपणावर कुणाचं तरी खरं उभं असेल. आता तुम्ही म्हणाल, गोल तर बोलत नाही, विचारून काय फायदा? बरोबर आहे. मग अर्पिताला विचारायचं होतं. ती रांगेतच उभी होती.

माझी दरखास्त सोबत जोडतो.

मा. संबंधित अधिकारी साहेब, जे कोणी असतील ते, यांच्या सेवेशी. खाली नमूद गोल विनंती करतो की, शाळेच्या रजिस्टरात "पृथ्वीगोल, एक, मोडका" अशी जी नोंद प्रदर्शनानंतर झाली आहे ती रद्द करून त्या जागी "तारा, एक" अशी नोंद मंजूर व्हावी. अर्जदारास नवी कमान देण्यात यावी व ती ऐंशी अंशांत वाकवून देण्यात यावी. साडेतेवीस अंशांतील कमान शिल्लक असल्यास ती अन्य कोणत्याही पृथ्वीस द्यावी, अर्जदाराची हरकत नाही. महिपत अटेंडर यांच्यावरील पोते अधिकृतरीत्या उचलण्यात यावे. तसेच कु. अर्पिता, इयत्ता दहावी, हिला आभाळ नसलेल्या एका रात्री मोठ्या दुर्बिणीतून असाच मान पडलेला एक खरा तारा दाखवण्यात यावा. सदर तारा दुर्बिणीतूनही नुसता ठिपकाच दिसतो, याची अर्जदारास पूर्ण कल्पना आहे. तरी तो दाखवण्यात यावा, आणि ती पाहत असेपर्यंत कोणीही काहीही हलवू नये, ही नम्र विनंती.